जनरल मॅनेजर शोधायला बाहेरची फर्म नेमावी का?

कॅलिफोर्नियातून आलेलं पत्र, थोडं कमी करून:

"मी मूळची साताऱ्याची, आता बरीच वर्षं बे एरियात. गेल्या निवडणुकीत आमच्या भागाला पाणी पुरवणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे वॉटर डिस्ट्रिक्टच्या, पाच जणांच्या बोर्डावर निवडून आले. आमचे जनरल मॅनेजर निवृत्त होत आहेत. अध्यक्ष म्हणतात, त्यांच्या माहितीतली एक एक्झिक्युटिव्ह सर्च फर्म, म्हणजे वरच्या पदांसाठी माणसं शोधून देणारी कंपनी, आहे, तिलाच काम देऊन टाकू, उशीर नको. पुढच्या बैठकीत तो ठराव येतोय. दोन नागरिक दर वेळी उभे राहून विचारतात की एक माणूस शोधायला आमच्या पाणीपट्टीतून सल्लागार कशाला? आमच्या असिस्टंट जनरल मॅनेजर बाई अनुभवी आहेत, त्यांना हे पद हवंय. बाहेरची फर्म आणली तर त्या दुखावतील का? फर्मचं म्हणणं, उमेदवारांची नावं शेवटपर्यंत गुप्त राहिली पाहिजेत. आणि वर एक अडचण माझी स्वतःची. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणीचे यजमान दुसऱ्या राज्यात याच क्षेत्रात आहेत. त्यांना अर्ज करायचाय. ती म्हणते, 'तू फक्त एक शब्द टाक.' बोर्डावर सगळ्यात नवी मीच. काय करू?"

ताई,

फर्म नेमायला माझा विरोध नाही. पुढच्याच बैठकीत, एकाच फर्मचा कागद समोर ठेवून नेमायला आहे. अध्यक्षांनी ठराव मांडला की तुम्ही एवढंच म्हणा की हा विषय एक बैठक पुढे ढकलावा आणि तोवर तीन-चार फर्म्सकडून प्रस्ताव मागवावेत. वाईटपणा घेऊन बोलायची गरज नाही. 'नागरिकांनी विचारलं तर दाखवायला आपल्याकडे तुलना हवी' हे कारण पुरेसं आहे आणि ते खरंही आहे. अशा सल्लागार सेवांसाठी सगळ्यात कमी दराची निविदा घेण्याची सक्ती कॅलिफोर्नियाचा कायदा करत नाही, पण तुमच्या डिस्ट्रिक्टचं स्वतःचं खरेदी धोरण असेल. त्यात किती रकमेच्या वर प्रस्ताव मागवावे लागतात ते बैठकीआधी वाचून जा. नव्या सभासदाच्या हातात धोरणाचा कागद असला की आवाज आपोआप स्थिर होतो.

महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला हा प्रकार सुरुवातीला परकाच वाटतो. पुण्याला किंवा कोल्हापूरला महापालिकेचा आयुक्त राज्य सरकारच्या आदेशाने येतो, नगरसेवकांना त्याचं नाव बाकीच्या लोकांबरोबरच कळतं. केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांच्या प्रमुखांची नावं पब्लिक एंटरप्रायझेस सिलेक्शन बोर्ड सुचवतं. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या डोक्यावर असं कोणी नाही. जनरल मॅनेजर बोर्ड नेमतं, पगार बोर्ड ठरवतं, काढायचं झालं तर बोर्डच काढतं, आणि बाकीचे सगळे कर्मचारी त्या जनरल मॅनेजरच्या हाताखाली. बोर्डावरच्या चार वर्षांत तुम्ही कितीही ठरावांवर हात वर केलात तरी या एका नेमणुकीइतका परिणाम दुसऱ्या कशाचा होणार नाही. म्हणून इथे घाई नको, आणि दुसऱ्यावर सोपवून मोकळं होणंही नको.

त्या दोन नागरिकांना काय सांगायचं, ते आधी बघू. त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला नीट उत्तरही आहे. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये मनुष्यबळ विभागात किती जण आहेत? मध्यम आकाराच्या संस्थेत एक किंवा दोन. मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी स्वतःचाच होणारा साहेब शोधायचा, अर्ज चाळायचे, कोणाला गाळायचं ते ठरवायचं. त्यात एक अर्ज तुमच्या असिस्टंट जनरल मॅनेजरचा, ज्या आज तिच्या वरिष्ठ आहेत. हे काम तिच्यावर टाकणं अन्यायाचं आहे आणि निकालावर कोणाचा विश्वासही बसणार नाही. फर्मचं दुसरं काम म्हणजे नोकरी न शोधणाऱ्यांपर्यंत पोचणं. शेजारच्या डिस्ट्रिक्टचा चांगला चाललेला जनरल मॅनेजर जाहिराती वाचत बसलेला नसतो. त्याला फोन करून 'ही जागा तुमच्यासाठी विचार करण्यासारखी आहे' असं म्हणणारं कोणीतरी लागतं, आणि बोर्डाच्या सभासदाने तो फोन करणं बरं दिसत नाही. या दोन कामांचे पैसे द्यावेत. ते किती आणि कशाचे, हे उघड बैठकीत सांगावं.

मात्र फर्म काय करू शकत नाही, त्यावर मला जास्त बोलायचंय. फर्मला पैसे तुम्ही देता, पण तिचा धंदा उभा असतो उमेदवारांशी असलेल्या ओळखींवर. आज तुमच्याकडे दुसरा आलेला माणूस तिला थोड्या महिन्यांनी दुसऱ्या संस्थेपुढे उभा करायचा असतो. आज नेमला गेलेला उद्या आपल्या हाताखालचे डायरेक्टर भरताना त्याच फर्मला बोलावू शकतो. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. बरेच सल्लागार मन लावून, प्रामाणिकपणे काम करतात. पण कोणत्याही उमेदवाराबद्दल कडू बोलण्यात त्यांचा फायदा नसतो, आणि शोध लांबला तर नुकसान मात्र त्यांचंच होतं, कारण रक्कम ठरलेली असते. स्थळ मध्यस्थ आणतो, चौकशी घरच्यांनी करायची असते. बोर्डं हे विसरतात आणि मग व्हायचं ते होतं.

आयोवातल्या डे मॉइनचं प्रकरण तुमच्या वाचनात आलं असेल. राज्यातल्या सगळ्यात मोठ्या शाळा डिस्ट्रिक्टने २०२३ मध्ये सर्च फर्मच्या मदतीने इयन रॉबर्ट्स यांना सुपरिंटेंडेंट, म्हणजे सगळ्या शाळांचे प्रमुख, नेमलं. सप्टेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन खात्याने त्यांना अटक केली. अमेरिकेत काम करायची परवानगीच त्यांच्याकडे नव्हती, असं समोर आलं. मॉर्गन स्टेट विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी बायोडेटात लावली होती, ती त्यांना मिळालेलीच नव्हती. पुढे शाळा डिस्ट्रिक्टने फर्मवर दावा लावला. पण पदवीतली ती विसंगती नेमणुकीच्या आधीच पार्श्वभूमीच्या तपासणीत निघाली होती आणि बोर्डापर्यंत पोचली होती. मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त बोचते. कागद समोर होता. तपासणी कोणीतरी केली आहे, फर्म आहे, बाकी सगळं छान आहे, या भरवशावर तो पुढे सरकला. दावा जिंकला तरी मुलांच्या शाळांची ती वर्षं परत येत नाहीत.

शिकागोचं प्रकरण वेगळ्या जातीचं. तिथल्या सार्वजनिक शाळांच्या प्रमुख बार्बरा बर्ड-बेनेट यांनी मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाचं २ कोटी ५ लाख डॉलरचं कंत्राट निविदा न काढता एका कंपनीला दिलं. त्याच कंपनीसाठी त्या पूर्वी काम करत होत्या, आणि तिचेच मालक सुपरिंटेंडेंट शोधून देणारी सर्च फर्मही चालवत होते. २०१५ मध्ये बाईंनी गुन्हा कबूल केला, २०१७ मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा झाली. म्हणून फर्म नेमताना एक प्रश्न कधीही गाळू नका: तुम्ही आणखी काय विकता? प्रशिक्षण, पगाराचे अभ्यास, धोरणात्मक आराखडे, हंगामी अधिकारी पुरवणं? जो माणूस तुमचा जनरल मॅनेजर निवडायला मदत करतो, त्यानेच पुढे त्या जनरल मॅनेजरला सेवा विकू नयेत, निदान काही वर्षं. हे करारात लिहून घ्या.

करारात आणखी काय हवं? खाजगी कंपन्यांकडून सर्च फर्म साधारण पहिल्या वर्षाच्या एकूण मिळकतीच्या एक तृतीयांश घेतात, तीन हप्त्यांत. सार्वजनिक संस्थांसाठी बहुतेक फर्म ठरावीक रक्कम आणि वर खर्च अशा बोलीवर काम करतात. तुमच्यासाठी हेच बरं, कारण टक्केवारी असली की पगार जितका जास्त तितकी फर्मची कमाई जास्त. खर्चाला मर्यादा घाला. जाहिराती, प्रवास, उमेदवारांची राहण्याची सोय, तपासणी हे सगळं त्या मर्यादेतच बसलं पाहिजे. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा, तारखांना नको. शेवटचा हप्ता नेमणुकीच्या करारावर सही झाल्यावरच. नेमलेला माणूस वर्षाच्या आत सोडून गेला किंवा काढावा लागला, तर फर्मने फक्त खर्च घेऊन नव्याने शोध करून द्यायचा. अनेक फर्म स्वतःहूनच अशी हमी देतात, काही दोन वर्षांची देतात, विचारायचा अवकाश. तिने नेमून दिलेल्या माणसाला काही वर्षं तिनेच दुसरीकडे पळवायचं नाही, हेही लिहा. तुमच्या वकिलांच्या टेबलावर हे एक-दोन दिवसांचं काम आहे.

आणि प्रस्ताव आले की फर्मच्या नावावर जाऊ नका. मोठ्या फर्मचे भागीदार सादरीकरणाला येतात, छान बोलतात, आणि मग रोजचं काम दुसऱ्याच कोणाकडे जातं. तुमच्यासाठी फोन प्रत्यक्ष कोण करणार त्यालाच मुलाखतीला बोलवा. त्याच्या हातात आत्ता किती शोध चालू आहेत ते विचारा. त्यातला एखादा शोध शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या जनरल मॅनेजरसाठीच असेल, तर तेच चार उमेदवार तो दोन्हीकडे दाखवणार, हे धरून चाला. त्याने पूर्वी पाणी क्षेत्रात कोणाला नेमून दिलं आणि ते लोक आज कुठे आहेत, याची यादी मागा. त्यातल्या दोन बोर्ड अध्यक्षांना फोन तुम्ही स्वतः करा.

आता घरच्या अभ्यासाकडे वळू. फर्म आली की पहिलं एक रंगीत माहितीपत्रक तयार करते. त्यात पहिल्या पानावर तळ्याचा किंवा डोंगराचा फोटो असतो आणि आत 'दूरदृष्टी असलेलं, सर्वांना बरोबर घेऊन जाणारं, नवोपक्रमशील नेतृत्व' हवं असं लिहिलेलं असतं. डिस्ट्रिक्टचं नाव बदललं तर तोच मजकूर कुठल्याही शहराच्या वाचनालयाला चालेल. असला कागद हातात आला तर परत पाठवा. त्यापेक्षा फर्म यायच्या आधी तुमच्या बोर्डाने एका उघड बैठकीत बसून पुढच्या पाच वर्षांत डिस्ट्रिक्टपुढे काय येणार आहे ते साध्या भाषेत लिहून काढावं. जुन्या पाइपलाइनचे किती मैल बदलायचे आहेत? ईपीएने, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओए आणि पीएफओएस या रसायनांसाठी चार भाग प्रति ट्रिलियनची मर्यादा घातली. तुमच्या विहिरींचे आकडे कुठे आहेत? दर वाढवावे लागणार असतील, तर प्रपोझिशन २१८ या कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक घराला नोटीस आणि किमान ४५ दिवसांनी जाहीर सुनावणी. निम्म्याहून जास्त मालकांचा लेखी विरोध आला की दरवाढ रद्द. दरवाढ तोंडावर असेल, तर तुम्हाला भरलेल्या सभागृहात रागावलेल्या लोकांना आकडे समजावून सांगणारा माणूस हवा. शुद्धीकरण प्रकल्प उभारायचा असेल, तर कंत्राटदारांना ओळखून असलेला हवा. एकाच माणसात सगळं मिळत नाही. काय कमी चालेल हे बोर्डाने ठरवायचं, फर्मने नाही. कर्मचाऱ्यांनाही विचारा, विशेषतः पंपांवर आणि पाइपांवर काम करणाऱ्यांना. नवा साहेब त्यांना कसा हवा हे ते चार वाक्यांत सांगतील आणि ती वाक्यं माहितीपत्रकापेक्षा उपयोगी असतील.

असिस्टंट जनरल मॅनेजर बाईंबद्दल मला तुमच्याकडून एका प्रश्नाचं खरं उत्तर हवंय. बोर्डाच्या तीन सभासदांच्या मनात त्याच पक्क्या आहेत का? तसं असेल तर फर्म नेमू नका. शोधाचं नाटक करून शेवटी घरच्याच माणसाला नेमणं ही सार्वजनिक पैशाची उधळपट्टी आहे. त्यात बाहेरचे चार लोक रजा घेऊन, स्वतःच्या बोर्डाला कळण्याचा धोका पत्करून मुलाखतीला येतात आणि वापरले जातात. पुढच्या वेळी तुमच्या डिस्ट्रिक्टला चांगले अर्ज येत नाहीत. त्यापेक्षा त्यांच्याबद्दलची चर्चा नियमाप्रमाणे करा आणि त्यांची नेमणूक सरळ उघड बैठकीत करा. 'आम्ही शोध घेतला नाही, कारण आम्हाला योग्य माणूस माहीत होता' हे वाक्य उभं राहून म्हणायची तयारी ठेवा. ते ऐकायला वाईट वाटलं तरी प्रामाणिक आहे.

पण बोर्डाला खरोखर माहीत नसेल की बाहेर कोण आहे, तर मग शोध घ्या आणि बाईंना जाहिरात निघायच्या आधी, समोर बसवून सांगा. अध्यक्षांनी सांगावं, ईमेलने नव्हे. त्यांनी अर्ज करावा असं बोर्डाला वाटत असेल तर ते स्पष्ट बोला, आणि आश्वासन मात्र देऊ नका. शोध चालू असताना हंगामी जनरल मॅनेजर त्यांना करायचं असेल, तर एक गोष्ट लक्षात घ्या: पाच-सहा महिने खुर्चीत बसलेला माणूस ती जागा आपलीच समजू लागतो, कर्मचारीही तसं समजतात, आणि बाहेरचे लोक अर्ज करायचं टाळतात. शेजारच्या भागातले निवृत्त जनरल मॅनेजर हंगामी म्हणून काही महिने यायला बहुधा तयार असतात, आणि 'मी कायमच्या पदासाठी अर्ज करणार नाही' असं लिहून देतात. मला तो मार्ग जास्त निर्मळ वाटतो. दुखावणं पूर्ण टळेल असं मी म्हणणार नाही. मात्र प्रक्रिया खरी होती हे दिसलं, आणि न निवडल्याचं कारण फर्मच्या तोंडून नव्हे तर बोर्डाच्या तोंडून कळलं, तर अशी माणसं थांबतात, नव्या साहेबाबरोबर चांगलं कामही करतात.

गुप्ततेबाबत फर्म अर्धं खरं बोलते आहे. नोकरीत असलेल्या माणसाचं नाव सुरुवातीलाच फुटलं तर त्याची आजची जागा अडचणीत येते, हे खरं. पण किती उघड करायचं, हे अमेरिकेतल्या राज्याराज्यांत वेगळं आहे. टेक्सासमध्ये शाळा सुपरिंटेंडेंटच्या अंतिम उमेदवाराचं नाव मतदानाच्या किमान २१ दिवस आधी जाहीर करावं लागतं. फ्लोरिडात अर्ज साधारणपणे सार्वजनिक नोंदी असतात, म्हणजे ते कोणीही मागून बघू शकतो. विद्यापीठाच्या अध्यक्षपदासाठी त्यांनी २०२२ मध्ये अपवाद केला, आणि अंतिम यादी तेव्हाही उघडीच ठेवली. कॅलिफोर्नियात ब्राउन कायदा, म्हणजे स्थानिक संस्थांच्या बैठका उघड घ्यायला लावणारा कायदा, नेमणुकीची चर्चा बंद दाराआड करू देतो. तेवढ्यावरून सगळंच बंद दाराआड ठेवावं असं होत नाही. पहिली चाळणी गुप्त राहू द्या. शेवटचे दोन-तीन उमेदवार उरले की त्यांना आधीच सांगून ठेवा की आता तुम्हाला कर्मचाऱ्यांच्या आणि नागरिकांच्या एका छोट्या गटाला भेटावं लागेल. ज्याला हे मान्य नाही तो दरवाढीच्या सुनावणीला कसा उभा राहणार?

ब्राउन कायद्याची एक अडचण नव्या सभासदांना हमखास नडते. तुम्ही पाच आहात. तिघांनी मिळून, फोनवर, ईमेलवर किंवा एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे निरोप पोचवून कुठल्याही उमेदवाराबद्दल मत बनवलं, तर ती बेकायदा बैठक होते. फर्मचा सल्लागारही हा निरोप्या होऊ शकतो. 'बाकी दोघांना अमुक आवडला' असं तो तुम्हाला सांगायला लागला तर तिथेच थांबवा. दोन सभासदांची तात्पुरती समिती नेमा, फर्मशी रोजचं बोलणं त्यांनीच करावं. आणि पगाराचा अंतिम निर्णय उघड, नियमित बैठकीत, तोंडी सारांश वाचून दाखवल्यावरच घ्यायचा असतो. विशेष बैठक बोलावून तो उरकता येत नाही. ही कलमं नुसती शोभेची नाहीत. २०१० मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या बेल या छोट्या, गरीब गावाच्या सिटी मॅनेजरचा, म्हणजे तिथल्या मुख्य अधिकाऱ्याचा, पगार जवळजवळ आठ लाख डॉलर आहे असं वर्तमानपत्राने उघड केलं, तो माणूस पुढे तुरुंगात गेला, आणि त्यानंतर कॅलिफोर्नियाने पगाराचे हे नियम कडक केले. नोकरीवरून काढताना द्यायच्या भरपाईलाही मर्यादा आहे: कमाल १८ महिन्यांचा पगार, किंवा कराराचे उरलेले महिने, यांतलं जे कमी असेल ते. फर्मने आणलेल्या कराराच्या मसुद्यात हा आकडा तपासा.

चौकशी घरच्यांनी करायची म्हटलं, ती कशी करायची तेही सांगतो. पदव्या आणि आधीच्या नोकऱ्या यांची पडताळणी अंतिम मुलाखतींच्या आधी, थेट विद्यापीठाकडून आणि संस्थांकडून करवून घ्या, आणि तिचा मूळ अहवाल मागा. फर्मने केलेला सारांश चालणार नाही. गुन्ह्यांची तपासणी मात्र नोकरीचा सशर्त प्रस्ताव दिल्यावरच करता येते, तसा तिथला कायदा आहे. आधीचा पगारही उमेदवाराला विचारता येत नाही. अहवालात एखादी विसंगती निघाली तर ती पाचही सभासदांनी वाचली पाहिजे, आणि उमेदवाराने तिचं उत्तर लेखी दिलं पाहिजे. 'किरकोळ बाब आहे, आम्ही बोललो त्यांच्याशी' हे फर्मचं वाक्य मान्य करू नका.

रेफरन्सचंही तसंच. फर्मच्या कागदात लिहून येतं की सर्वांनी उमेदवाराच्या संवादकौशल्याची प्रशंसा केली. असल्या वाक्यातून काहीही कळत नाही. उमेदवाराची लेखी परवानगी घ्या आणि समितीतल्या दोघांनी स्वतः फोन करावेत, सगळ्या उमेदवारांसाठी तेच प्रश्न. 'कसे आहेत?' असं विचारू नका. विचारा, 'मागच्या दरवाढीच्या सुनावणीला काय झालं, ते सांगाल का?' पलीकडचा माणूस जरा थांबतो, मग म्हणतो, 'सभागृह भरलं होतं. खरं सांगायचं तर आकडे सगळे आमच्या फायनान्सच्या बाईंनीच समजावले, ते अध्यक्षांशेजारी बसले होते.' एवढ्या एका वाक्यात तुम्हाला चाळीस पानांच्या अहवालात नसलेलं काहीतरी कळतं. पुढचा प्रश्न: 'मोठी पाइपलाइन फुटली तेव्हा ते कुठे होते आणि बोर्डाला कधी कळवलं?' मग: 'त्यांच्या हाताखालून कोण कोण सोडून गेलं?' आणि ऐकून घ्या. मधे बोलून त्यांची वाक्यं पूर्ण करू नका. आपल्याला आवडलेल्या उमेदवाराच्या बाबतीत हे करायला मन तयार होत नाही. तिथेच जास्त करायचं असतं.

मैत्रिणीला काय सांगायचं? शब्द टाकू नका, आणि 'बघते' असंही म्हणू नका. आपल्याकडे 'बघते' याचा अर्थ होकार होतो. तिला सांगा: "जाहिरात निघाली की त्यांनी थेट फर्मकडे अर्ज करावा. त्यानंतर या विषयावर मला आणि तुला बोलता येणार नाही." तिला वाईट वाटेल, दिवाळीच्या कार्यक्रमात थोडे दिवस अवघडल्यासारखं होईल, पण तिच्या यजमानांचंही यात हित आहे. ते खरोखर लायक असले आणि तुमच्या शब्दामुळे आले असं बाहेर पडलं, तर त्यांची नेमणूक पहिल्याच दिवसापासून डागाळलेली असेल. आणि तिला टेक्स्टवर काहीही लिहू नका. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सॅन होजेच्या खटल्यात ठरवलं आहे की सार्वजनिक कामाबद्दलचा मजकूर स्वतःच्या खाजगी फोनवर असला तरी तो सार्वजनिक नोंद होऊ शकतो. त्यांचा अर्ज आला की डिस्ट्रिक्टच्या वकिलांना लेखी कळवा की ही ओळख आहे, पैशांचे व्यवहार आहेत किंवा नाहीत. ते सांगतील की तुम्ही चर्चेत बसायचं की बाहेर पडायचं. मी तुमच्या जागी असतो तर त्या एका उमेदवाराच्या चर्चेत वकिलांनी बसायला परवानगी दिली तरी बसलो नसतो.

आणखी एक, जे बहुतेक बोर्डं विसरतात. नेमणुकीच्या करारात पहिल्या वर्षाचं मूल्यमापन कधी आणि कशावर, हे लिहा. तुम्ही सुरुवातीला काढलेला पुढच्या पाच वर्षांचा कागद तेव्हा समोर ठेवायचा. त्याच महिन्यात फर्मच्या सल्लागारालाही बोलवा, कारण हमीची मुदत तेव्हा संपत आलेली असेल आणि नेमणूक चुकली असेल तर ते त्या मुदतीत कळायला हवं. ही तारीख मिनिट्समध्ये नोंदवून घ्या. नवं बोर्ड आलं तरी ती तिथे राहील.